तेलाचें कूळ आणि मूळ

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि वारा पश्चिमेकडून नेटानें वाहूं लागला, कीं गोमंतकाच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर एक नको असलेला पाहुणा येऊन पडतो. ओल्या वाळूवर काळे, चिकट गोळे पसरलेले दिसतात. कांहीं वाटाण्याएवढे, कांहीं तळहाताएवढे. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला ते बसले म्हणजे नुसत्या पाण्यानें निघत नाहींत. तेल लावून चोळावें लागतें. रापणीच्या जाळ्याला लागले, तर तें साफ करतां करतां रापणकाराचा दिवस जातो. खनिज तेल समुद्रावर सांडलें, त्यांतला हलका भाग ऊनवाऱ्यानें उडून गेला, आणि उरलेलें जड डांबर लाटांनीं वळून त्याचे गोळे केले, एवढें पाहतांच कळतें. पण हें तेल कोणाचें? क्षितिजावर जहाज दिसत नाहीं. गोळ्यांवर कोणाचें नांव नाहीं. ज्यानें सांडलें तो केव्हांच दूर गेलेला असतो, आणि ज्याच्या दारांत तें आलें त्याला निस्तरावें लागतें.

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. खनिज तेलाच्या बाबतींत मात्र रसायनशास्त्रज्ञांनीं हा संकेत जाणूनबुजून मोडला आहे. गेलीं नव्वद वर्षें ते तेलाला त्याचें कूळहि विचारीत आहेत आणि मूळहि विचारीत आहेत. आणि आश्चर्य असें कीं, तेल उत्तर देतें. हें उत्तर केवळ जिज्ञासेच्या समाधानापुरतें नसतें. किनारा धुण्याचा खर्च कोणी द्यावयाचा, मासेमाराची तक्रार कोणाविरुद्ध नोंदवावयाची, आणि ज्याच्यावर उगाच संशय आला त्याला मोकळें कसें करावयाचें, हे व्यवहारांतले प्रश्न त्या उत्तरावर अवलंबून असतात.

विहिरींतून निघालेलें कच्चें तेल सगळीकडे एकसारखें नसतें. एखाद्या ठिकाणचें मधासारखें पातळ व पिवळसर असतें, तर दुसऱ्या ठिकाणचें काकवीसारखें काळें व दाट. त्यांत कार्बन आणि हायड्रोजन ह्या दोन मूलद्रव्यांचीं हजारों निरनिराळीं संयुगें मिसळलेलीं असतात; शिवाय थोडें गंधक, थोडा नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन, आणि व्हॅनेडियम व निकेल ह्या धातूंचा लवलेश. ह्या मिश्रणाची कल्पना येण्यासाठीं आपल्या घरच्या गोड्या मसाल्याचें उदाहरण घ्यावें. धने, तीळ, सुकें खोबरें, दगडफूल, लवंग, दालचिनी हे जिन्नस घरोघर बहुतेक तेच असतात. परंतु प्रमाण प्रत्येक घरचें निराळें. जाणती गृहिणी नुसत्या वासावरून हा मसाला माहेरचा कीं सासरचा हें सांगते. आमटींत पाणी जास्त पडलें तर चव पातळ होईल, पण धने आणि लवंग यांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण बदलणार नाहीं. तेलाची ओळख पटविण्याचें सगळें शास्त्र ह्या एका साध्या गोष्टीवर उभें आहे. कोणतें द्रव्य किती आहे यापेक्षां कोणत्या द्रव्याशीं कोणत्या द्रव्याचें काय प्रमाण आहे, हें त्यांत पाहतात.

हें प्रमाण ठिकाणपरत्वें निराळें कां व्हावें? त्याचें उत्तर तेलाच्या जन्मांत आहे. समुद्रांत, सरोवरांत आणि नद्यांच्या मुखाशीं सूक्ष्म शेवाळ व जंतु अगणित संख्येनें जन्मतात आणि मरतात. जेथें तळाशीं प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें त्यांचीं शरीरें पूर्णपणें कुजत नाहींत. चिखलांत पुरलीं जातात. त्यांवर गाळाचे थर साचत जातात, चिखलाचा खडक होतो, खडक खोल जातो, आणि खालच्या उष्णतेनें, सामान्यतः ६० ते १५० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान, लाखों वर्षें मंदाग्नीवर शिजत राहिल्याप्रमाणें त्या सेंद्रिय द्रव्याचें तेल बनतें. ज्या खडकांत तें बनतें त्याला मातृशिला म्हणावें. तेथून तें झिरपत वर सरकतें आणि एखाद्या सच्छिद्र खडकांत अडून बसतें. अर्थात् मातृशिलेच्या काळीं त्या पाण्यांत कोण राहत होतें, पाणी खारें होतें कीं गोडें, किनाऱ्यावर अरण्य होतें कीं उजाड वाळू, आणि खडक किती तापला, ह्या सर्वांची छाप तेलावर पडते.

आज हें निर्विवाद वाटतें. पण एके काळीं तसें नव्हतें. आवर्तसारणीचा कर्ता रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याचें मत असें होतें कीं, पृथ्वीच्या पोटांत लोहाच्या कार्बाइडांवर पाण्याची क्रिया होऊन तेल उत्पन्न होतें; जीवसृष्टीचा त्याच्याशीं संबंध नाहीं. ह्या वादाला निर्णायक वळण म्युनिच येथील आल्फ्रेड ट्राइब्स ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें दिलें. रक्तांतील लाल द्रव्याच्या रचनेविषयीं १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारे हान्स फिशर यांच्या प्रयोगशाळेंत त्याचें शिक्षण झालें होतें, आणि रक्तांतील लाल द्रव्य व पानांतील हरितद्रव्य यांचा सांगाडा एकाच घाटाचा असतो हें तेथें नित्य डोळ्यांपुढें असे. १९३४ सालापासून पुढें दोनतीन वर्षें ट्राइब्सनें खनिज तेलें, तेलकट शिला आणि कोळसे तपासले, आणि त्या काळ्या चिकट द्रव्यांत त्याला तोच ओळखीचा सांगाडा सांपडला. हरितद्रव्याच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा अणु असतो. तेलांत त्याची जागा व्हॅनेडियमनें किंवा निकेलनें घेतलेली होती. शेजारच्या कांहीं बाजू झडून गेल्या होत्या. पण घर तेंच होतें. कोट्यवधि वर्षांपूर्वीं सूर्यप्रकाश झेललेल्या हिरव्या कणांची खूण तेलांत उरली होती. शिवाय हा सांगाडा फार उष्णतेनें मोडतो. तेव्हां तेल प्रखर अग्नींत नव्हे, तर बेताच्या उष्णतेंत जन्मलें असलें पाहिजे, हाहि निष्कर्ष त्यानें काढला.

ट्राइब्सच्या ह्या शोधाचें पुढें एक स्वतंत्र शास्त्रच बनलें. जेफ्री एग्लिंटन आणि मेल्व्हिन काल्व्हिन ह्या दोघांनीं १९६७ सालीं अशा द्रव्यांना 'रासायनिक जीवाश्म' हें समर्पक नांव देऊन तीं सामान्य वाचकांपुढें मांडलीं. शंख, शिंपले आणि हाडें यांचे दगडांत उमटलेले अवशेष सर्वांना ठाऊक आहेत. पण जंतूला हाड नसतें आणि शेवाळाला शिंपला नसतो. त्यांच्या शरीरांतील रेणूंचा सांगाडा मात्र दगडांत टिकतो. जुन्या वाड्याला आग लागली, पडदे, दारें, कोरीव महिरपी जळून गेल्या, तरी खांबतुळयांची चौकट उभी राहते, आणि तिच्यावरून जाणता सुतार तो वाडा कोणत्या घाटाचा होता तें सांगतो, तशांतलाच हा प्रकार होय.

ह्या साक्षीदारांपैकीं कांहींची ओळख करून घेण्यासारखी आहे. हरितद्रव्याला एक लांब शेपटी असते. ती सुटून चिखलांत पडली आणि तेथें थोडा प्राणवायु असला, तर तिच्यापासून बहुतांशीं प्रिस्टेन नांवाचें द्रव्य होतें. प्राणवायु अजिबात नसला तर फायटेन होतें. म्हणून तेलांतील प्रिस्टेन आणि फायटेन यांचें प्रमाण हें त्या प्राचीन पाण्याच्या तळाशीं काय स्थिति होती याची एक सूचना देतें. एकट्या सूचनेवर निकाल देतां येत नाहीं, कारण पाण्याचा खारेपणा आणि खडकाला लागलेली उष्णता यांनींहि हें प्रमाण हलतें. पण इतर पुराव्यांबरोबर तिचें मोल मोठें आहे. दुसरा साक्षीदार होपेन. पांच वलयें एकमेकांना जोडलेला हा रेणु जंतूंच्या शरीराच्या आवरणांतून आलेला असतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक तेलांत सांपडतो. तिसरा स्टेरेन. हा चार वलयांचा रेणु शेवाळ, वनस्पति आणि प्राणी यांच्या स्निग्ध द्रव्यांतून येतो. त्याचे २७, २८ आणि २९ कार्बन अणूंचे तीन भाऊ असतात, आणि त्यांतला कोणता प्रबळ आहे यावरून त्या गाळांत कोणत्या जीवांचा भरणा अधिक होता याचा अंदाज बांधतां येतो.

कांहीं साक्षीदार सर्वत्र भेटत नाहींत, आणि म्हणूनच ते अधिक बोलके असतात. ओलिअनेन हें द्रव्य फुलझाडांपासून येतें. पृथ्वीवर फुलझाडांचा प्रसार क्रिटेशस काळांत झाला. तेव्हां ज्या तेलांत ओलिअनेन विपुल आहे तें त्या काळाच्या किंवा त्यानंतरच्या खडकांतलें, आणि जवळपास जमिनीवर झाडी असलेल्या प्रदेशांतलें, असें मानण्यास जागा आहे. सुमात्रांतील मिनास येथील तेलांत बोट्रिओकोकस नांवाच्या एकाच जातीच्या शेवाळाची खूण सांपडते. तें शेवाळ आजहि गोड्या व मचूळ पाण्यांत वाढतें. आग्नेय आशियांतील अनेक तेलांत आणखी एक खूण असते, आणि ती आपल्याला विशेष जवळची आहे. ती राळेची खूण होय. शालवृक्ष ज्या कुळांतला, त्या कुळांतील वृक्षांचा डिंक म्हणजे राळ. प्राचीन अरण्यांतील ह्या वृक्षांची राळ गाळांत पुरली गेली आणि तिच्यांतील द्रव्यें तेलांत उतरलीं. गुजरातेंत सुरत जिल्ह्यांतील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणींत ह्याच कुळांतील वृक्षांची, सुमारे पांच कोटि वर्षांपूर्वींची, अंबर होऊन बसलेली राळ सांपडली आहे. याच्या उलट, मध्यपूर्वेंतील पुष्कळशीं तेलें चुनखडीच्या सागरी थरांत जन्मलेलीं आहेत. त्यांत गंधक अधिक, आणि होपेनच्या निरनिराळ्या भावंडांचा क्रमहि वेगळा असतो.

उष्णतासुद्धां आपली नोंद ठेवून जाते. पुष्कळ रेणूंना डावा आणि उजवा हात असतो. म्हणजे घटक तेच, पण मांडणी आरशांतल्यासारखी उलट. सजीव शरीर होपेनच्या पूर्वजांची एक विशिष्ट जागा एकाच बाजूची घडवितें. खडक तापूं लागला कीं त्यांतले कांहीं रेणु दुसऱ्या बाजूला वळतात, आणि शेवटीं दोन्ही प्रकारांचें प्रमाण सुमारे ६० ला ४० असें स्थिरावतें. म्हणून एकाच मातृशिलेपासून निघालेलीं, पण कमीअधिक शिजलेलीं तेलेंहि एकमेकांपासून निवडतां येतात.

हे सर्व रेणु एकमेकांपासून निराळे करणें हेंच मुळीं दुष्कर काम होतें. त्याची वाट १९०३ नंतरच्या कांहीं वर्षांत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यानें दाखविली. कांचेच्या नळींत खडूची पूड भरून तिच्यांतून त्यानें पानांचा रस झिरपूं दिला, तेव्हां हिरवीं व पिवळीं द्रव्यें वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटीं झालीं. १९५२ सालीं जेम्स आणि मार्टिन ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं द्रवाऐवजीं वायूचा प्रवाह वापरून हीच युक्ति अधिक नाजूक केली. आज केसासारख्या बारीक व कित्येक मीटर लांब नळींतून तेलाची वाफ सोडतात. हलके रेणु लवकर बाहेर पडतात, जड मागें रेंगाळतात; आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे तुकडे करून दुसरें यंत्र त्यांचें वजन घेतें. कागदावर शिखरांची एक रांग उमटते. एका तेलाची रांग दुसऱ्या तेलाच्या रांगेशीं पडताळतां येते, म्हणून तिला तेलाचा ठसा म्हणतात.

हा शब्द बोटांच्या ठशांवरून घेतलेला आहे, आणि त्या विद्येचा आपल्या देशाशीं संबंध आहे. बंगालांत विल्यम हर्शेल यानें १८५८ सालीं करारपत्रावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. पण दोन्ही ठशांत एक मोठा भेद आहे. मनुष्याच्या बोटावरील रेषा जन्मभर बदलत नाहींत. समुद्रावर सांडलेलें तेल मात्र त्याच दिवसापासून बदलूं लागतें. हलका भाग पहिल्या कांहीं दिवसांतच उडून जातो. मग जंतु त्यावर ताव मारतात. त्यांना सरळ सांखळीचे रेणु प्रथम आवडतात. फांद्या फुटलेले प्रिस्टेन व फायटेन नंतर. आणि वलयांचे होपेन व स्टेरेन त्यांना सर्वांत शेवटीं पचतात. म्हणून किनाऱ्यावर महिनोन्महिने पडलेल्या गोळ्यांतहि ह्या शेवटच्या साक्षीदारांचीं परस्पर प्रमाणें बहुधा अबाधित राहतात. इतकेंच नव्हे, तर होपेन मागें राहतो आणि बाकीचें नाहींसें होतें, ह्याचाच उपयोग करून किती तेल नष्ट झालें याचाहि हिशेब मांडतात.

आणखी एक पुरावा कार्बनच्या अणूंतच दडलेला आहे. निसर्गांतील कार्बनपैकीं शेंकडा एकाहून किंचित् अधिक अणु वजनानें थोडे जड असतात. सजीव सृष्टि कार्बन घेतांना हलके अणु अधिक पसंत करते, आणि ही निवड जीवाप्रमाणें व परिस्थितीप्रमाणें कमीजास्त होते. एका ठराविक प्रमाणाशीं तुलना करून ही तूट हजारीं किती आहे तें मोजतात. जंतूंनीं तेल कुरतडलें तरी हा आंकडा सहसा फारसा ढळत नाहीं.

ह्या सर्व साधनांची कसोटी अलास्कांत लागली. २४ मार्च १९८९ रोजीं मध्यरात्रीनंतर 'एक्झॉन व्हॅल्डीझ' हें तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड ह्या आखातांत ब्लाय नांवाच्या खडकावर आदळलें, आणि १ कोटि १० लाख गॅलन, म्हणजे चार कोटि लिटरांहून अधिक तेल समुद्रांत गेलें. समुद्रपक्षी अजमासें अडीच लाख मेले. पाणमांजरांचीं शवें किनाऱ्याला लागलीं. १९९१ सालीं मालक कंपनीनें सरकारांशीं ९० कोटि डॉलरांची तडजोड केली. अशा वेळीं त्या आखाताच्या वाळूवर सांपडणारा प्रत्येक काळा डाग त्या जहाजाच्या नांवावर मांडला जावा, हें मनुष्यस्वभावाला धरूनच होतें.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील कीथ क्व्हेनव्होल्डन आणि त्यांचे सहकारी यांनीं हे डाग गोळा करून तपासले. त्या जहाजांतलें तेल अलास्काच्या उत्तर उतारावरचें; त्याच्या कार्बनची तूट हजारीं २९ च्या सुमारास. कांहीं डाग त्याच्याशीं बरोबर जुळले. पण दुसऱ्या कित्येक गोळ्यांचा आंकडा हजारीं २४ च्या जवळ आला. शिवाय त्यांत ओलिअनेन होतें; जहाजांतील तेलांत तें नव्हतें. म्हणजे हे गोळे त्या जहाजाचे नव्हतेच. त्यांचा ठसा दूर दक्षिणेकडे, कॅलिफोर्नियांतील माँटेरे नांवाच्या खडकांतून निघणाऱ्या तेलाशीं जुळला.

कॅलिफोर्नियाचें तेल अलास्काच्या एका आडबाजूच्या आखातांत कसें यावें? याचें उत्तर रसायनशास्त्रांत नव्हे, तर इतिहासांत सांपडलें. अलास्काच्या उत्तरेकडील मोठा तेलसांठा १९६८ सालीं सांपडला आणि तेथून नळ १९७७ सालीं वाहूं लागला. त्यापूर्वीं अलास्काला लागणारें जळणाचें तेल आणि रस्त्यांचें डांबर बाहेरून, मुख्यतः कॅलिफोर्नियांतून येई. २७ मार्च १९६४ रोजीं, शुभ शुक्रवारीं, तेथें ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. व्हॅल्डीझ गांवाचा धक्का समुद्रांत घसरला, त्यावर उभीं असलेलीं माणसें बुडालीं, पुढें सगळें गांवच दुसरीकडे हलवावें लागलें. त्या वेळीं किनाऱ्यावरील टाक्या फुटल्या आणि त्यांतलें तेल व डांबर पाण्यांत गेलें. शास्त्रज्ञांचा निष्कर्ष असा कीं, पंचवीस वर्षांनंतर वाळूवर मिळालेले ते गोळे बहुधा त्याच टाक्यांतले. एका अपघाताचा शोध घेतां घेतां लोक विसरून गेलेला दुसरा अपघात हातीं लागला. दोषी जहाजाचा दोष यामुळें कमी झाला नाहीं. पण जें त्याचें नव्हतें तें त्याच्या माथ्यावरून उतरलें. न्यायाला दोन्ही गोष्टी लागतात.

ठसा मिळाला म्हणजे वाद मिटलाच, असें मात्र समजूं नये. त्याच आखाताच्या तळाच्या गाळांत पूर्वींपासून असलेलीं कांहीं सेंद्रिय द्रव्यें कोठून आलीं, यावर पुढें कित्येक वर्षें मतभेद चालला. कंपनीच्या बाजूनें काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं तीं मुख्यतः समुद्रतळाशीं नैसर्गिकपणें झिरपणाऱ्या तेलाचीं म्हणून सांगितलीं. सरकारी शास्त्रज्ञांपैकीं कांहींनीं तीं कोळशाच्या कणांचीं आहेत असें मत दिलें. हा भेद पंडिती नव्हता. तेल असेल तर तेथील जीव त्या विषाला आधींपासून सरावलेले ठरत. कोळसा असेल तर तीं द्रव्यें कणांत कोंडलेलीं, म्हणून जीवांना फारशीं न बाधणारीं. यंत्र शिखरें काढून देतें. त्यांचा अर्थ मनुष्यालाच लावावा लागतो, आणि मनुष्य कोणाच्या पदरीं आहे हेंहि ऐकणाऱ्यानें लक्षांत ठेवावें लागतें.

हीच विद्या न्यायालयाबाहेर, इतिहासाच्या अभ्यासांतहि उपयोगी पडली आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यांत सटन हू येथें १९३९ सालीं सातव्या शतकांतील एक जहाज मातीच्या ढिगाऱ्याखालीं पुरलेलें सांपडलें. एखाद्या राजाला ऐश्वर्यासह त्यांत ठेवलें असावें. सोन्यारुप्याच्या वस्तूंबरोबर कांहीं काळे तुकडेहि मिळाले. पाइन झाडाचें डांबर जहाजाला लावीत असत. त्यांतलेंच हें असेल, अशी समजूत होती. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत त्यांतील होपेन आणि स्टेरेन बोलले. हें झाडाचें डांबर नव्हे, जमिनीतलें आहे. आणि तें इंग्लंडचें नव्हे, मध्यपूर्वेचें, बहुधा सीरियाकडचें आहे. सुमारे चौदाशें वर्षांपूर्वीं सीरियाकडचे तुकडे हातोहात फिरत इंग्लंडच्या राजाच्या कबरीपर्यंत पोंचले होते. सोन्याकडे सगळ्यांचे डोळे गेले. प्रवासाची हकीकत मात्र त्या काळ्या ढेकळांनीं सांगितली.

आतां पुन्हां गोमंतकाच्या वाळूकडे वळावें. मुंबईजवळच्या समुद्रांत 'सागर सम्राट' ह्या खोदकामाच्या जहाजानें १९७४ सालीं तेल शोधून काढलें, आणि मुंबई हाय हें नांव सर्वतोमुखीं झालें. किनाऱ्यावर काळे गोळे दिसले कीं जवळचें तेलक्षेत्र म्हणून संशय तिकडे वळावा, हें साहजिकच आहे. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं गोव्याच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवरून गोळे उचलले, मुंबई हायच्या तेलाचा नमुना घेतला, आणि मध्यपूर्वेच्या व आग्नेय आशियाच्या तेलांचे पूर्वीं प्रसिद्ध झालेले ठसे त्यांच्या शेजारीं मांडले. सरळ सांखळीचीं द्रव्यें, होपेनचीं प्रमाणें आणि एकेका द्रव्यांतील कार्बनची तूट, अशा तिन्ही अंगांनीं त्यांनीं पडताळा पाहिला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निर्णय असा होता कीं, तपासलेले गोळे मुंबई हायचे नाहींत. त्यांचें मूळ आग्नेय आशियाच्या तेलांत आहे, आणि तें तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्याबरोबर समुद्रांत पडलेलें आहे.

हा निर्णय एका विशिष्ट वेळीं गोळा केलेल्या नमुन्यांपुरता आहे. प्रत्येक पावसाळ्यांत येणाऱ्या प्रत्येक गोळ्याला तो लागू करतां येणार नाहीं. तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठे अपघात वर्तमानपत्रांत गाजतात; पण किनारा मळविण्यास अपघात लागतोच असें नाहीं. टाकी रिकामी झाली, ती धुतली, तेलकट पाणी समुद्रांत सोडलें, आणि जहाज पुढें निघून गेलें, एवढें पुरतें. १९७३ सालच्या व १९७८ सालीं सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें असें पाणी सोडण्यावर कडक निर्बंध घातले आहेत. पण उघड्या समुद्रावर पाहणारा कोण असतो? कायद्याला साक्षीदार लागतो, आणि तेथें साक्षीदार नसतो. अशा ठिकाणीं तेलाच्या अंगावरची खूण हीच काय ती साक्ष.

ती साक्षहि अर्धीच आहे, हें विसरतां येत नाहीं. ठसा तेलाची जन्मभूमि सांगतो. कोणत्या जहाजानें तें ओतलें तें सांगत नाहीं. बोटाचा ठसा मिळाला तरी ज्याचें बोट, त्याचा ठसा कचेरींत नोंदलेला असेल तरच चोर सांपडतो. त्याप्रमाणें जहाजांतील तेलाचे नमुने घेऊन ठेवले असतील, किनाऱ्यावरचा गोळा वेळींच उचलला असेल, आणि त्या दिवसांत कोणतीं जहाजें कोठून गेलीं याची नोंद असेल, तर ह्या विद्येचा पुरा उपयोग होईल. यंत्र प्रयोगशाळेंत आहे. पण पुराव्याची पहिली कडी वाळूवर, सकाळीं रापण ओढायला येणाऱ्यांच्या पायांशीं पडलेली असते. त्यांनीं गोळा पाहिला तो दिवस आणि ती जागा सांगितली, तर शास्त्रज्ञाचें अर्धें काम तेथेंच होतें.

तळपायाला लागलेलें डांबर चोळून काढतांना मनुष्य त्रासतो, आणि तें योग्यच आहे. पण त्या काळ्या ठिपक्यांत प्राचीन पाण्यांतलें शेवाळ आहे, तळच्या चिखलांतले जंतु आहेत, कदाचित् एखाद्या नामशेष अरण्यांतल्या वृक्षाची राळहि आहे. नदीचें मूळ विचारूं नये असें म्हणणाऱ्यांचा हेतु मूळ शोधल्यावर मन कोतें होऊं नये, असा असावा. तेलाच्या बाबतींत उलटच घडतें. त्याचें मूळ विचारलें म्हणजे एकीकडे पृथ्वीचा विशाल इतिहास उलगडतो, आणि दुसरीकडे जो चुकला नाहीं तो सुटतो, व जो चुकला त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट मोकळी होते.